नेट जायलंय

साजिदने फोनचं मागचं झाकण नखाने उचकटलं, तसे सिद्धलिंगअप्पा काउंटरवर जवळजवळ आडवे झाले. उभा जन्म भांड्यांच्या धंद्यात गेलेला. वस्तू उलटी करून तिचं बूड पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे.

“आत तर काहीच न्हाई की बे,” ते म्हणाले.

“काय पायजे होतं, अप्पा?”

“तुझ्या अब्बाकडं रेडिओ उघडला की भरल्या बाजारावानी दिसायचं. तारा काय, दिवे काय. बिघाड बी डोळ्याला दिसायचा.”

साजिद हसला. केजच्या बसस्टँडसमोरच्या याच टपरीत त्याच्या वडिलांनी, मैनुद्दीनमियांनी, निम्म्या तालुक्याचे रेडिओ बोलते ठेवले होते. आता मियां घरी बसले होते आणि टपरीत लोक मोबाइल घेऊन येत. रेडिओवाले बिघाड सांगायचे, मोबाइलवाले गाऱ्हाणी सांगतात, एवढाच काय तो फरक पडला असं साजिदचं म्हणणं होतं.

अप्पांनीही गाऱ्हाणंच सांगितलं, आणि कामचुकार नोकराचं सांगावं तसं सांगितलं. हा फोन घरातलं नेट धरत नाही. धरलं तर मध्येच सोडून देतो. पुन्हा धर म्हटलं की धरतो, पण मनापासून नाही. बाकी आठवडाभर त्याने काय करावं याच्याशी अप्पांना कर्तव्य नव्हतं. रविवारी सकाळी, सिंगापूरहून मुलाचा व्हिडिओ कॉल यायच्या वेळी, तो शुद्धीवर हवा होता.

साजिदने फोन टपरीतल्या वायफायला जोडला आणि एक लांबलचक क्रिकेटची मॅच लावून दिली. मॅच न अडखळता चालली.

“बघा. हितं तर सरळ चालायलाय.”

“हितं चालंल. परक्याच्या घरी सगळेच शहाण्यावानी वागतेत.”

अप्पांचा एकुलता मुलगा केदारनाथ सिंगापूरला गेला त्याला बरेच दिवस झाले होते. बाजार खुला झाला तेव्हा अप्पांनी त्याचं स्वागतच केलं होतं. पितळ मागे पडलं, स्टील आलं. स्टीलच्या शेजारी नॉनस्टिक येऊन बसलं. ज्या कंपन्यांकडे पूर्वी अर्ज करावे लागत त्यांचे एजंट दारात येऊन चहा पिऊ लागले. पण ज्या दारातून बाहेरचा माल आत येतो त्याच दारातून घरचा माल बाहेरही जातो, ही बाजू अप्पांनी मांडली नव्हती. केदारनाथ पुण्यात शिकला, पुण्यातच कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, कंपनीने त्याला सिंगापूरला नेऊन बसवलं. लग्न झालं, सून वर्षाराणी तिकडे गेली आणि तिलाही तिथेच नोकरी मिळाली.

हा फोन आणला होता तो सुनेनेच. आदल्या वर्षी दोघं सुटीला आले तेव्हा तिने घरात इंटरनेटचा डबा बसवून घेतला आणि सासूचं बोट आपल्या हातात धरून ते काचेवर कसं फिरवायचं हे शिकवलं. शांतादेवींना लेक नव्हती. असती तर तिने बोट असं धरलं असतं की नाही, कोण जाणे. लेकींना आईचा राग लवकर येतो. वर्षाराणीला यायचा नाही. सिंगापूरला परतल्यावर ती रविवारी फोन हातात घेऊन घरभर हिंडायची, सासूला लिफ्ट दाखवायची, खालचा भाजीबाजार दाखवायची. शेजारी एक चिनी म्हातारी होती. ती शांतादेवींना हात करी, शांतादेवी तिला हात करत. दोघींची एवढी ओळख झाली होती की एखाद्या रविवारी म्हातारी दिसली नाही तर शांतादेवी तिची चौकशी करत. केदारनाथ बोले ते तब्येतीचं आणि पावसाचं. संसाराचं बोलावं ते सुनेनेच.

दिवाळीनंतर हे थांबलं. नेट जायला लागलं. चित्र येई, थरथरे, एका जागी गोठे आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राही. मग केदारनाथचा निरोप येई, की तुमचं नेट जातंय, पुढच्या रविवारी बोलू. जेवढा वेळ चित्र टिके तेवढ्यात वर्षाराणीची पाळी काही येत नसे. कधी ती आंघोळीला गेलेली, कधी ऑफिसात, रविवारचीसुद्धा. आणि घरात असेल असं वाटावं तेव्हा नेमकं नेट जाई. आता उन्हाळा निम्मा झाला होता. शांतादेवींचं मागणं मोठं नव्हतं. फोन नीट व्हावा आणि एकदा सुनेशी पोटभर बोलायला मिळावं. नवऱ्याच्या मागे लागून लागून त्यांनीच त्याला टपरीवर पिटाळलं होतं.

साजिदने फोनमधल्या सेटिंगा बघितल्या. थोडा वेळ हात लावला नाही की फोन वायफाय सोडून झोपी जात होता. ती झोप त्याने बंद केली. घरचं नेटवर्क फोनला एकदा विसरायला लावलं. आता ते घरी जाऊन नव्याने जोडावं लागणार होतं, म्हणून टपरीचं दार ओढून घेऊन तो अप्पांबरोबर निघाला.

अप्पांचं घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर. साजिदने पासवर्ड विचारला तेव्हा अप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. मग स्वयंपाकघरातून शांतादेवींनीच सांगितलं, “महानंदा घाल.”

“ही कोण?” अप्पांनी विचारलं.

लग्नात नाव बदललं तेव्हापासून शांतादेवींना त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. सुनेने ते विचारून घेतलं होतं आणि डब्याला दिलं होतं. अप्पांना थोड्या वेळाने आठवलं आणि त्यांनी टोपी उगीचच काढून पुन्हा घातली.

फोन जोडला गेला, पण नेटची खूण एकाच काडीवर आली. साजिदने इकडेतिकडे बघितलं.

“डबा कुठं हाय, अप्पा?”

“दुकानात. गादीवर.”

“सूनबाईनं हितं वर बसवलाता न्हवं? खाली कावून नेला?”

का नेला हा काय प्रश्न झाला, असं अप्पांना वाटलं. घरात कुठलीही मोलाची वस्तू आली की ती लक्ष्मीपूजनाला गादीवर येते, हळदकुंकू घेते. टीव्ही आला होता, मिक्सर आला होता. दिवाळीला डबाही आला. दुसऱ्या दिवशी पाडव्याला धंदा असा झाला, की अप्पांनी त्याचा पायगुण मानला आणि त्याला परत वर जाऊ दिलं नाही. गादीमागच्या कोनाड्यात, बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी त्याची जागा झाली. रोज सकाळी तसबिरीला विभूती लावताना एक बोट त्यालाही लागत होतं.

साजिद खाली जाऊन कोनाड्यासमोर उभा राहिला. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, गावोगाव टँकर चालू होते आणि पाणी साठवायची भांडी हातोहात खपत होती. अप्पांनी माल भरून ठेवलेला. कोनाड्याच्या पुढे तांब्याचे हंडे, स्टीलच्या कोठ्या, पिंपं, छतापर्यंत चळत लागली होती. तिच्या फटीतून डब्याचा हिरवा दिवा तळघरात ठेवलेल्या माणसासारखा बघत होता.

“अप्पा, नेट म्हंजे उजेडावानी असतंय. हंड्यामागं दिवा लावला तर वर माडीवर उजेड पडंल का?”

“म्हंजे?”

“तुमचीच भांडी तुमचं नेट खायलेत.”

आपलाच माल आपल्या घरात चोरी करतो हे ऐकून अप्पांना क्षणभर राग आला, कुणावर ते ठरेना. पण माणूस हिशेबी. चूक सापडली की ती कुणाची हे बघत बसण्यापेक्षा दुरुस्त करणं स्वस्त पडतं हे त्यांना कळत होतं. त्यांनी डब्याची माफी मागितल्यासारखा नमस्कार केला. साजिदने तार जिन्यावरून ओढून नेली आणि डबा माडीवरच्या कपाटावर, शांतादेवी बसत त्या खाटेसमोर ठेवला. काड्या सगळ्या भरल्या.

परीक्षा म्हणून त्याने औरंगाबादला आपल्या बहिणीला, उज्माला, व्हिडिओ कॉल लावून दिला. उज्मा आणि शांतादेवी एकमेकींना नीटशा ओळखतही नव्हत्या, पण बायकांना बोलायला ओळख लागते हा पुरुषांचा गैरसमज आहे. टँकरचं पाणी, उज्माच्या सासूचे गुडघे, आंब्याच्या लोणच्याला यंदा कैरी कशी नाही, सगळं झालं. मध्ये वीज गेली, इन्व्हर्टर चालू झाला. पण नेट काही तुटलं नाही. साजिदचा चहा पिऊन झाला, अप्पांचा दुसरा झाला, तरी उज्मा बोलतच होती.

“झालं, काकू. आता सूनबाईशी दिसभर बोला,” साजिद म्हणाला. शांतादेवींनी त्याला शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले.

त्या रविवारी केदारनाथचा चेहरा असा लख्ख आला की अप्पा चपापले. धूसर चित्रात मुलगा गोरा दिसायचा. आता डोळ्यांखालचं काळं दिसलं, दाढीचे खुंट दिसले. तब्येतीचं झालं, पावसाचं झालं. डबा वर आणल्याचं त्याला सांगायचं तर राहूनच गेलं, कारण शांतादेवींना धीर नव्हता. त्यांनी लगेच विचारलं, “वर्षाला दे जरा.”

आणि पडदा काळा झाला. पाठोपाठ निरोप आला, तुमचं नेट जातंय.

अप्पा तसेच उठून टपरीवर गेले आणि साजिदला नाही नाही ते बोलले. तुला तुझ्या बापाच्या नखाची सर येणार नाही इथपर्यंत मजल गेली. साजिदने ऐकून घेतलं. सिद्धलिंगअप्पा बोलले की माणसाने भाव उतरेपर्यंत थांबावं, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी असं ठरलं की पुढच्या रविवारी त्याने स्वतः येऊन बसायचं आणि बिघाड रंगेहाथ पकडायचा.

पुढच्या रविवारी साजिद खाटेच्या बाजूला, सिंगापूरहून दिसणार नाही असा उभा राहिला. केदारनाथ आला. बोलणं सुरू झालं. मध्येच त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. तो “आलो” म्हणून उठला, आत जाऊन आला, पुन्हा बसला. शांतादेवींनी शेजारच्या चिनी म्हातारीची चौकशी केली. ती बरी होती. मग त्या म्हणाल्या,

“वर्षाला दे की रे. लई दिवस झाले.”

“हां आई... हॅलो? आई, तुमचा आवाज तुटायलाय. हॅलो?”

आवाज तुटत नव्हता. त्याचा इकडे येत होता तो तर शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. चित्र गोठलं नव्हतं. त्याच्या मागचा पंखा फिरताना दिसत होता. “हॅलो, हॅलो” म्हणत तो सरळ आईच्या डोळ्यांत बघत होता, आणि बघता बघता त्याचा हात पडद्याकडे आला, मोठा होत गेला, बोट पुढे झालं. पडदा काळा झाला.

“गेलं,” शांतादेवी म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवून चहाची भांडी उचलून आत गेल्या.

साजिद आणि अप्पा एकमेकांकडे बघायचं टाळत उभे होते. साजिदने फोन उचलला. “दुकानात नेऊन बघतो,” तो मोठ्याने म्हणाला, आत ऐकू जाईल असा.

दोघं टपरीवर आले. साजिदने फोन काउंटरवर ठेवला, पण उघडला नाही.

“अप्पा, सेट चांगला हाय. नेट बी चांगलं हाय.”

“मी बघितलं.”

“मी फोनचा बिघाड सांगतो. बाकीचं मला न्हाई समजत.”

अप्पा स्टुलावर बसले. काउंटरच्या पलीकडे उभ्या माणसाच्या मनातलं ओळखण्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. जो हंड्याच्या बुडावर बोटाने टकटक करतो तो घेणार. जो वजन विचारतो तो घरी जाऊन बायकोला विचारणार. जो “येताना घेतो” म्हणतो तो दुसऱ्या गल्लीने येणार. त्यांच्या दुकानाचा एक नियम होता. गादीवर बसून ‘नाही’ म्हणायचं नाही. वस्तू नसली तरी म्हणायचं, मागवलीय, येत्या बाजारी येईल. ‘नाही’ ऐकलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. ‘येईल’वर माणूस वर्षभर येत राहतो. केदारनाथ लहानपणी गादीवर बसायचा तेव्हा एका बाईला सरळ “न्हाई” म्हणाला होता, आणि अप्पांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याचा कान पिळला होता. पोरगं हुशार. पुन्हा त्याच्या तोंडून तो शब्द आला नाही. दिवाळीपासून तो दर रविवारी आईला सांगत होता तेही तेच, की माल आहे, नेट आलं की दाखवतो.

“लावून दे त्याला,” अप्पा म्हणाले.

साजिदने कॉल लावला आणि चहा सांगून येतो म्हणून रस्ता ओलांडून गेला. पहिल्यांदा कुणी उचललं नाही. दुसऱ्यांदा केदारनाथ दिसला.

“आलं का नेट?” त्याने विचारलं.

“आलं. मी साजिदच्या दुकानात हाय. एकटाच.”

अप्पांनी मुद्द्याचं विचारलं नाही. भाव कधी पहिल्या झटक्यात विचारायचा नसतो.

“जेवलास?”

“हां.”

“कुणी केलतं?”

“मीच.”

“रोज?”

“रोजच.”

बसस्टँडवरून अंबाजोगाईच्या गाडीची आरोळी झाली. ती विरेपर्यंत अप्पा थांबले.

“कधीपासनं?”

केदारनाथने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. “दिवाळीपासून. ती तिच्या ऑफिसजवळ राहते आता.”

“कावून?”

“भांडण न्हाई झालं, अप्पा. कुणी वाईट न्हाई. जमलं न्हाई.”

इतक्या वर्षांचे राखून ठेवलेले ‘न्हाई’ एका दमात बाहेर आले होते. एकाचा घाटा झाला की दुसऱ्या कुणाचा तरी फायदा झालेला असतो, असा अप्पांचा जन्माचा हिशेब. इथे दोन्ही बाजूंना घाटाच होता, आणि मधला माल कुठे गेला ते समजत नव्हतं.

केदारनाथ म्हणाला, वर्षा म्हणत होती की आईला मी स्वतः सांगते. मीच नको म्हटलं. आई वर्षाचं नाव घेते तेव्हा आईचा चेहरा असा होतो की... त्याने वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाला, “आईला एवढ्यात नका सांगू. मी आलो की सांगीन.”

“कधी यायलास?”

“बघतो. सुट्टीचं चाललंय.”

अप्पांना तो सूर ओळखीचा होता. त्यांनी मान हलवली. “बरं. नेट आमच्याकडचंच खराब हाय म्हण,” ते म्हणाले. आणि मुलाला कापता येईना म्हणून त्यांनीच फोन बंद केला.

साजिद चहा घेऊन आला तेव्हा अप्पांनी त्याला सांगितलं, की हा फोन तुझ्याकडेच ठेव; घरी सांगतो, पार्ट मिळत नाही. साजिदने कप खाली ठेवला. खराब सेट चांगला म्हणून देणारे त्याने या धंद्यात पुष्कळ बघितले होते. चांगला सेट खराब म्हणून ठेवून घ्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच.

“ठेवतो, अप्पा. पण काकूनं मला इचारलं तर मी खोटं बोलायचो न्हाई.”

“ती कशाला येतीय बसस्टँडवर.”

अप्पा घरी आले तेव्हा शांतादेवी सुपात ज्वारी घेऊन पाखडत बसल्या होत्या. फोन नीट झाला का, त्यांनी वर न बघता विचारलं.

“पार्ट गेलाय त्याचा. औरंगाबादहून मागवलाय. येत्या बाजारापोतर येईल.”

सूप थांबलं.

“हे गिऱ्हाइकाला सांगायचं,” शांतादेवी म्हणाल्या. “मला न्हाई.”

अप्पा खाटेवर बसले. सुपातल्या दाण्यांवर दोन चिमण्या टपून होत्या, त्यांना हाकलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

“ती तिथं न्हाई, मला ठावं हाय,” शांतादेवी म्हणाल्या. “आत बायको असली की शिट्टी झाल्यावर माणूस नुसती मान वळवतो. आपला उठून जायलाय. संक्रांतीपासनं बघायलेय मी. चित्र किती बी फुटलं तरी शिट्टी ऐकू यायची.”

अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. सगळा बाजार ज्याच्या नजरेला वचकून असे तो हा माणूस. आणि गिऱ्हाईक ओळखणारं माणूस इतकी वर्षं गादीवर नव्हे, चुलीपाशी बसलं होतं.

“मग दर रविवारी इचारतीस कावून?”

“वाटायचं, आज म्हणंल. आई, ती गेली, म्हणंल. मग मी म्हणलं असतं, बरं बाबा.” त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “तेवढंच म्हणायचं होतं मला.”

मग त्याच पुन्हा म्हणाल्या, “माझ्याशी तर बोलायचं होतं तिनं. माझं अन् तिचं काय बिनसलं होतं?”

“बोलते म्हणलती ती. त्यानंच नको म्हणलं.”

“म्हणलती का?”

“हां.”

“म्हणलती का,” त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी विचारत नव्हत्या.

अप्पांना काहीतरी द्यावंसं वाटलं. ते म्हणाले, तिचा नंबर आहे की फोनमध्ये. तूच लाव.

“कोणत्या नात्यानं लावू?”

याला दुकानात उत्तर नव्हतं. येत्या बाजारीही येणार नव्हतं. शांतादेवींनी ज्वारी डब्यात ओतली, सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि पदराने हात पुसले.

“फोन आणा जावा. मी न्हाई इचारायची आता. तोंड तरी दिसंल त्याचं.”

अप्पा टोपी घालून भर उन्हात पुन्हा बसस्टँडकडे निघाले. साजिदने त्यांना येताना बघितलं, खण उघडला, फोनची काच सदऱ्याला पुसली आणि काही न विचारता त्यांच्या हातात दिला.

रविवारी केदारनाथ पडद्यावर आला तो नेहमीसारखा सावध. उजवा हात चित्राबाहेर, पण लांब नाही. शांतादेवी बोलू लागल्या. गल्लीत टँकर आता एक दिवसाआड येतो. शेजारच्या केसरबाईंचा पाय मुरगळलाय, पण पाण्याचा नंबर लावायला पहिली तीच. अप्पांनी दुकानात नवीन पिंपं आणलीत, त्यांची झाकणं बसत नाहीत. अप्पांनी मध्येच झाकणांची बाजू घेतली. बोलणं फिरत फिरत दर रविवारच्या त्या वळणावर आलं, केदारनाथचे खांदे आखडले. शांतादेवी क्षणभर थांबल्या आणि सरळ पुढे गेल्या. लिंबागणेशच्या जत्रेत यंदा पाळणाच आला नाही म्हणे, असं काहीतरी म्हणाल्या.

केदारनाथचा हात हळूहळू मांडीवर आला. त्या दिवशी नेट एकदाही गेलं नाही.

आत शिट्टी झाली. तो उठून गेला, आला.

“काय लावलंय?” शांतादेवींनी विचारलं.

“डाळ.”

“दाखव बरं.”

त्याने नको नको म्हणत कुकरचं भांडं आणून फोनपुढे तिरकं धरलं. अप्पांना फक्त पिवळं पिवळं दिसलं. शांतादेवी मात्र फोन नाकापर्यंत नेऊन बघत होत्या.

“लई हाय की ही.”

“तीन दिवस पुरते, आई. फ्रिजमध्ये ठेवतो.”

“शिळं खाऊ नको. एकट्याला अर्धी वाटी पुरं.”

चित्र जागच्या जागी थांबलं. अप्पांनी दचकून वर बघितलं. काड्या सगळ्या भरलेल्या होत्या, आणि केदारनाथच्या मागचा पंखा फिरत होता. थांबला होता तो केदारनाथ. शांतादेवींनी त्याला घाई केली नाही. फोन हातात धरून त्या बसून राहिल्या.

मग तो उठला. आतून डब्यांची खुडबुड ऐकू आली, एक झाकण पडलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात वाटी होती, वाटीत कोरडी तूरडाळ. डोळे त्याने पुसले नव्हते. वाटी त्याने काचेला लागेल इतकी जवळ धरली.

“एवढी?”

शांतादेवींनी एक डोळा बारीक केला.

“थोडी काढ.”

त्याने चिमूटभर काढली.

“अजून.”

त्याने अजून काढली आणि वाटी पुन्हा पुढे धरली.

“हां,” शांतादेवी म्हणाल्या. “आता हळद सांगते.”